ताटावर आडवं होण्याची भाषा

आमच्या दादाच्या पंगतीत 'नको' या शब्दाला काडीची किंमत नाही. तुम्ही नको म्हणालात की तो एक पोळी वाढतो. पुन्हा नको म्हणालात की तीवर तुपाची धार सोडतो. दोन्ही हात ताटावर धरून तुम्ही साफ आडवे झालात, तर "पाव्हणं लाजत्यात!" असं सगळ्या पंगतीला ओरडून सांगतो आणि तुमच्या पालथ्या पंजावर गरम पोळी ठेवून पुढं सरकतो. हात भाजला की माणूस हात काढतो. हात काढला की पोळी ताटात पडते. दादाच्या मते यालाच पाहुणचार म्हणतात.

एकदा आमच्या एका मावसाजींनी कळवळून सांगितलं की साखर आहे हो मला, इंजेक्शन घेतो, आणि खिशातून ते इंजेक्शन काढून दाखवलंसुद्धा. दादा म्हणाला, "मंग तर झालंच की! ते टोचा आन् ही खावा." मावसाजींनी खाल्ली. न खाऊन जातात कुठं?

दादाचं घर करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. ऊस, केळी, पाण्यात सोडलेल्या मोटरी, दारात ट्रॅक्टर. मी त्याची धाकटी बहीण. सोलापुरात राहते, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, आणि माझं डोकं गरम आहे असं सगळे सांगतात. सगळे म्हणजे मुख्यतः दादा. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे, मलाही बघायला येत होते. मी नको म्हणत होते, घरातले हसत होते. शेवटी एका स्थळापुढं मी पोह्यांची ताटली अंगणात भिरकावली. स्टीलची होती, फुटली नाही, पण गडगडत गडगडत पाहुण्यांच्या चपलांपर्यंत गेली. त्यानंतर मला कुणी विचारायला आलं नाही. आमच्या घरात 'नको' ऐकू जायला भांडं पडावं लागतं, हे तेव्हा मला कळलं.

हे सगळं आधी सांगितलं नाही तर पुढची भानगड कळणार नाही. भानगड म्हणजे लोजबान.

कॉलेज बंद होतं आणि आम्ही मोबाईलकडं बघून त्रिकोणमिती शिकवत होतो, त्या दिवसांत मला नेटवर ही भाषा सापडली. लोजबान ही कुणाच्या आजीची भाषा नाही. तर्कशास्त्राचं वेड असलेल्या काही माणसांनी बसून ती मुद्दाम बनवली, एका वाक्याची मांडणी दोन तऱ्हांनी लावता येऊ नये म्हणून. गणिताच्या बाईला आणखी काय पाहिजे? मी झपाटल्यासारखी बसले. आणि खरं सांगते, मला त्या भाषेत आजही "दार लाव" म्हणता येत नाही. कारण मी पहिल्याच आठवड्यात मनाच्या शब्दांपाशी अडकले आणि तिथंच मुक्काम ठोकला.

लोजबानमध्ये मनात काय चाललंय ते दाखवायला चिमुकले शब्द आहेत. आनंद झाला की 'वी'. काही हवंसं वाटलं की 'औ'. एवढ्यावर थांबले असते तर मी म्हटलं असतं, आपल्याकडं 'अय्या' आणि 'अगंबाई' आहेच की. पण त्यांनी पुढं त्या शब्दांना मापं लावलीत. औ म्हणजे हवंय. 'औ साय' म्हणजे चांगलंच हवंय. 'औ शाय' म्हणजे हवंच, नाही मिळालं तर मी खाली लोळण घेईन. उलट 'औ रुहे' म्हणजे हवंय आपलं, जरासं, मिळालं तर मिळालं. आणि मधोमध 'शुही'. औ शुही म्हणजे हवंही नाही, नकोही नाही. काट्याचं टोक बरोबर मधे.

आणि मग 'नाय'. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, बनवणारा माणूस आपल्या भागात बदलीवर येऊन गेलेला दिसतोय. पण यांचा नाय नुसता नाही म्हणत नाही, तो शब्दाला उलटा करतो. औ नाय म्हणजे "हवं नाही" असं मुळमुळीत काही नाही, औ नाय म्हणजे नको. सरळ नको. आणि त्या नकोलाही पुन्हा तीच मापं. औ नाय रुहे, म्हणजे नकोसं वाटतंय जरा. औ नाय साय, चांगलंच नको. औ नाय शाय, म्हणजे मेले तरी नको.

मी खुर्चीत मागं रेलून बसले. आमच्या दादाच्या पंगतीत आयुष्यभर जो एक शब्द मार खात आला होता, त्याला या लोकांनी पायऱ्या करून दिल्या होत्या. शिवाय एक नियम असा की या शब्दांवर हुज्जत घालता येत नाही. ठेच लागून "आई गं" म्हणणाऱ्याला कुणी "हे खोटं आहे" म्हणतं का? तसं. मनाचा शब्द हा दावा नसतो, त्यामुळे तो खोडता येत नाही. आणि समोरच्याचं मन विचारायला त्यांनी वेगळा शब्द ठेवलाय, 'पेइ'. "औ पेइ?" म्हणजे तुला हे किती हवंय, मापात सांग. समोरच्यानं नुसतं माप सांगितलं तरी चालतं.

स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तर इतिहासाच्या सरांनी विचारलं, "याला बारावीला किती मार्क?" मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

पुढच्या वर्षी दादाची मुलगी फार्मसीला लागली आणि माझ्याकडं राहायला आली. मला विद्यार्थिनी मिळाली, तिला फुकट जेवण. पोरगी हुशार, बोलायला मऊ. आवाज चढवणं तिला येतच नाही, ती तिच्या आईवर गेलीय. तिनं ती मापं दोन दिवसांत उचलली आणि आमचं घर त्याच्यावर चालायला लागलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वी साय. सोलापूरचा मे महिना, वी नाय शाय. माझ्या हातचं पिठलं, पेइ? "शुही, आत्या." हे ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की भांडताही यायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंना वाटायचं आम्ही कन्नड बोलतोय, आणि अक्कलकोटकडच्या दूधवाल्याला वाटायचं तेलुगू.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा हीच बडबड चुलीपाशी चालली होती. वहिनी चकल्या तळत होत्या. त्यांनी झारा तसाच धरून लेकीला विचारलं, "शुही म्हंजी काय गं?"

"ना हवं, ना नको, आई."

"त्याला बी शबुद हाय?" वहिनी म्हणाल्या. "हे बरं हाय." आणि पुन्हा चकल्यांकडं वळल्या. आमचं तेव्हा तिकडं लक्ष नव्हतं, आम्ही चकल्यांना माप लावण्यात दंग होतो.

शेवटचं वर्ष संपत आलं तशी स्थळं सुरू झाली. दादा, म्हणजे पोरीचे आप्पा, फोटो पाठवायचा, मी तिला विचारायची, "पेइ?" आणि ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "शुही." सांगोल्याचा डाळिंबवाला, शुही. टेंभुर्णीचा बँकवाला, शुही. एकाला तर 'रुहे' मिळालं होतं, पण त्याचीच पत्रिका जमेना. हे सगळं हसण्यावारी चाललं होतं.

मग ते केळीवाले आले. उजनीच्या काठचंच घराणं, दादाच्या गावापासून जवळ. केळीची मोठी बाग, मुलगा पुण्यात कंपनीत, दिसायला बरा, तंबाखूसुद्धा नाही. दादा नुसता उड्या मारत होता. मुलगा मुद्दाम सोलापूरला येऊन पोरीला भेटून गेला, सात रस्ता चौकाजवळ एका आईस्क्रीमच्या दुकानात. ती घरी आली तेव्हा मी कणीक मळत होते. मी नेहमीसारखं विचारलं, "औ पेइ?"

"औ नाय शाय."

माझा हात कणकेतच थांबला. चार वर्षांत तिनं कशालाही शाय लावलं नव्हतं. मे महिन्याला लावलं होतं, पण मे महिना वेगळा.

"काय केलं त्यानं?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढं ती पोह्यांची ताटली फिरायला लागली होती.

"काही नाही केलं, आत्या. चांगला आहे तो." तिचा आवाज बसला होता. "मी म्हटलं, मला आईस्क्रीम नको, घसा धरलाय. तर तो हसला आणि दोन मागवले. म्हणाला, अगं खा की, असं काय करती."

"मग?"

"मग काय. खाल्लं." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आप्पांसारखा आहे गं अगदी. आप्पा मला आवडतात. पण मी आयुष्यभर ताटावर आडवी नाही होणार."

तिनं स्वतः बापाला फोन केला. माझ्यासमोर केला. "आप्पा, मला नको आहे हे स्थळ." तिकडून दादाचं खो खो हसणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. "बरं बरं," तो म्हणाला, आणि पुढच्याच रविवारी बोलणी ठरवून मोकळा झाला. सकाळी सुपारी, दुपारी पुरणपोळी. सुपारी फुटली की आमच्याकडं शब्द पक्का. मग मागं फिरणं नाही.

मी तडक तिला घेऊन गावी गेले. रविवारी सकाळी पोचलो तर पाहुणे अजून यायचे होते, पण पुरण शिजून वाटून तयार, वहिनी चुलीपुढं पोळ्या लाटायला बसलेल्या, आणि दादा धुतलेलं धोतर नेसून पुरणाची चव बघत उभा.

"दादा, पोरीला हे स्थळ नको आहे," मी चप्पल काढायच्या आधी म्हणाले.

"आली का भांडायला!" तो हसला. "आगं, पयल्यांदा न्हायच म्हणत्यात पोरी. लाजंकाजंला."

"ती लाजत नाहीये. ती नको म्हणतेय."

"मंग? मला बी पाव्हणं नको म्हणत्यात की. जेवत न्हाईत व्हय?"

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, तुझी पोरगी पुरणपोळी आहे का रे? तुझ्या त्या पंगतीच्या नादानं तुझे कान फुटलेत. तुला माणसाचा नको कळतच नाही. मी त्याला साय आणि शाय समजावून सांगायला लागले, बोटांवर मोजून मोजून. तो आधी ऐकत होता, मग त्याची मान डोलायला लागली, मग त्याला हसू आवरेना.

"तुजं डोस्कं पुस्तकांनी फिरलंय," तो म्हणाला. "तुजा नको म्हंजी नको. त्यो आमी ऐकला का न्हाय? ताटली फेकलीस तू. हिनं काय फेकलंय? सांग की. वाटी तरी फेकली का?"

पोरगी दाराशी उभी होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू खरंच काही फेकायला सापडतंय का. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकदम बाहेर पडेनात. हिनं आता काय करावं? घरातली भांडी फोडत सुटावं? ते येत नाही तिला, आणि येत नाही म्हणून तिनं त्या केळीच्या बागेत जाऊन आयुष्यभर घसा बसलेला असताना आईस्क्रीम खावं?

दादानं माझ्याकडं बघून हात उडवला. "आगं, हिच्या आईनं बी तीनदा न्हाय म्हणलं हुतं. माजा सासरा सोता सांगायचा. मंग? नांदली का न्हाय सुखानं? इचार तिला."

वहिनी पोळी तव्यावर टाकत होत्या. मागं न वळता, नेहमीच्याच आवाजात त्या म्हणाल्या, "म्या खरंच न्हाय म्हणलं हुतं."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "कवा?"

"तिन्ही खेपंला."

"मंग... सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं की," वहिनी म्हणाल्या. "न्हाय म्हणून."

चुलीत लाकूड तडकलं. दादा पाटावर बसला. धुतलेल्या धोतराला पुरण लागलं, त्याचंही त्याला भान नव्हतं. "दुसरं कोण हुतं का तुज्या मनात?" त्यानं विचारलं. त्याला ते विचारणं फार जड गेलं, दिसत होतं.

"न्हाय वो. मला नर्शिंगला जायचं हुतं. बार्शीला." त्यांनी पोळी उलटली. "लई दिस झालं त्याला."

"आन् मंग आता?" दादानं विचारलं. "आता काय हाय तुज्या मनात?"

वहिनींनी जरा विचार केला. मला ते अजून आठवतं, त्यांनी खरोखर विचार केला. गणित सुटलं का बघतात तसा. मग म्हणाल्या, "आता शुही."

दादानं माझ्याकडं पाहिलं. पण पोरगीच म्हणाली, अगदी हळू, "ना हवं, ना नको, आप्पा."

तव्यावरची पोळी करपली. वहिनींनी ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी लाटायला घेतली. एवढ्या वर्षांत त्या बाईला त्या घरात कुणी कधी 'पेइ' विचारलंच नव्हतं.

दादानं त्या करपलेल्या पोळीकडं पाहिलं. मग उठला, अंगणात गेला आणि मुलाच्या चुलत्याला फोन लावला. त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण त्याला वाटतं त्याशिवाय पलीकडं ऐकू जात नाही. "पाव्हणं," तो म्हणाला, "पोरगी न्हाय म्हणतीया."

पलीकडून जीपमधल्या साऱ्यांचं हसणं आलं. "आवो, म्हणायचंच की! आमची बी म्हणली हुती. फाट्यापाशी आलोय, आलोच!"

"न्हाय न्हाय, तसं न्हाय. खरंच न्हाय."

"आवो लाजताय काय लेकीवानी! सैपाक गरम ठिवा. आलोच!" आणि फोन कट.

दादा हातात फोन धरून उभा. मला हसू फुटलं, काय करू? आयुष्यात पहिल्यांदा दादा ताटावर आडवा झाला होता, आणि त्यांनी त्याच्या हातावर तूप ओतलं होतं. "आता कसं वाटतंय?" मी विचारलं. त्यानं मला एक अस्सल शिवी दिली. ती त्या दिवशी मला फार आपुलकीची वाटली.

पाहुणे आले. जीपभर माणसं, पुढं मुलाचे आजोबा, पांढरा पटका, मिशा पिळलेल्या. दारात आलेल्यांना उपाशी परत पाठवणं दादाच्यानं होण्यासारखं नव्हतं, आणि फोनवर बोलून काही उपयोग नाही हे त्याला कळलं होतंच. तो म्हणाला, सुपारीचं नंतर बघू, आधी जेवून घ्या. पानं मांडली. पहिल्या दोन दोन पोळ्या, दूध, तूप, येळवण्याची म्हणजे कटाची आमटी, सगळं रीतसर. मी आणि पोरगी आतल्या दाराला टेकून बघत होतो. पोरीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

पोळ्यांची परात घेऊन दादा दुसऱ्या खेपेला निघाला. सगळी पंगत सरसावून बसली. दादाची पंगत तालुक्यात माहीत आहे, त्याचा आग्रह झेलायचा म्हणून माणसं आधीच तयारीनं बसतात. तो आजोबांपुढं वाकला.

"पोळी?"

"नको, नको! लई झालं!" आजोबांनी दोन्ही हात ताटावर धरले. रीतीप्रमाणे धरले, म्हणजे एक पोळी आत सरकेल एवढी फट ठेवून.

"बरं," दादा म्हणाला. आणि पुढं गेला.

आजोबांचे हात ताटावर तसेच राहिले.

शेजारी चुलता. "पोळी?" "न्हाय वो, पोट फुटंल आता—" "बरं." पुढचा. "तूप?" "नको नको—" "बरं." दादाचा आवाज शांत होता, चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. पंगतीतला आवाज एकेक करून बंद होत गेला. शेवटच्या माणसानं तर घाबरून "वाढा" म्हटलं, तर त्याला वाढली. तो एकटाच खात राहिला.

आमच्या भागात यापेक्षा स्पष्ट काही बोलता येत नाही. पाहुण्याला शिव्या दिल्या तरी चालतं, उद्या गोडी होते. पण ज्याला आग्रह केला नाही, त्याच्याशी सोयरीक नाही. दादाला लोजबानमधलं अक्षर येत नव्हतं, पण त्याच्या भाषेत त्यानं जो नकार दिला तो शाय होता, आणि तो सगळ्यांनी ऐकला.

आजोबांनी सावकाश हात बाजूला घेतले. ताटात जागा होती, आणि मला वाटतं पोटातही होती. त्यांनी उरलेली आमटी भुरकली, हात धुतले आणि दादाला अंगणात बाजूला घेतलं.

"पोरीचं खरंच न्हाय हाय व्हय?"

"खरंच न्हाय."

"आवो, मंग फोनवर सांगायचं की!"

"सांगितलं की," दादा म्हणाला. "न्हाय म्हणून."

मी मागं पाहिलं. वहिनी पदराला हात पुसत चुलीपासून उठून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या परत जाऊन बसल्या नाहीत. पाहुण्यांची जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. पोरगी त्यांच्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, दादा तेवढा गोठ्याकडं निघून गेला.

पोरगी आता सोलापुरातच एका औषधाच्या कंपनीत लागलीय. लग्नाचं बघू म्हणते, आणि 'बघू' हे तिचं खरं माप आहे. दादाचं मात्र पार बिघडलं. त्याला अधलंमधलं काही जमत नाही. आता त्याच्यापुढं कुणी एकदा नको म्हटलं की "बरं" म्हणून तो पुढं सरकतो. माणसं अर्धपोटी उठतात. आता म्हणे त्याच्याकडं जेवायला बोलावलं की लोक घरून भाकरी खाऊन जातात. संक्रांतीला लेकीनंच सवयीनं नको म्हटलं, हा पठ्ठ्या परात घेऊन चालता झाला. "आप्पा, आवो हे खालच्या पायरीचं नको होतं!" ती ओरडली. "वाढा की!" त्याला खालचं आणि वरचं कळायला अजून वेळ लागेल.

परवा मी वर्गात होते, फळ्यावर आलेख काढत होते, आणि दादाचा फोन. मी कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला, पुन्हा आला. मला वाटलं कोण गेलं की काय, मी पोरांना गप्प बसवून बाहेर आले.

"काय झालं?"

"आगं," तो कुजबुजत होता. दादा कुजबुजतो हेच मला माहीत नव्हतं. "रुहे म्हंजी किती गं?"

"काय?"

"तुजी वहिनी म्हणली. मी इचारतो की रोज, च्या पिताना. पोरीनं शिकिवलंय तसं, पेइ म्हणतो. रोज शुहीच म्हणती. आज म्हणली, रुहे." त्याच्या मागं मोटरीचा आवाज येत होता, तो घरापासून लांब पाण्याकडं येऊन बोलत होता. "चांगलं आसतंय का वाईट?"

खडूनं भरलेला हात मी साडीला पुसला.

"चांगलं असतंय, दादा. थोडंच असतं. पण शून्याच्या वर."

"शून्याच्या वर," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मंग साय कवा म्हणंल? शाय? काय करू मी त्याला?"

"दादा," मी म्हटलं, "आग्रह करू नकोस."

"बरं," तो म्हणाला.